सुतकातला रविवार

मी गाव सोडलं तेव्हा काकाने माझं सामान त्याच्या भाजीच्या टेम्पोत चढवलं आणि वरून ताडपत्री बांधली. सामान म्हणजे एक पेटी, गादीची वळकटी आणि तांदळाचं अर्धं पोतं. एवढ्याला ताडपत्री कशाला, असं बाबा म्हणाले. काका म्हणाला, "पोरगी कॉलेजला चालली हाय, कोथिंबीर नाय. धूळ लागता कामा नये." आई दारात उभी होती. तिने मला तीन वेळा सांगितलं की पोचल्यावर फोन कर. चौथ्या वेळी ती मधेच थांबून आत गेली.

आमचं गाव मुरबाडच्या पुढे, तासाभराच्या रस्त्यावर आहे. मी शिकायला आले ते उल्हासनगर काही दुसऱ्या देशात नाही. पण आमच्या घरातून दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे ते अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यासारखं नव्हतं. माझ्यानंतर गावातल्या आणखी दोघी-तिघी शिकायला बाहेर पडणार आहेत. त्या मला फोनवर विचारतात, तिथे काय काय असतं, भीती वाटते का. वाटते. मी खोटं सांगणार नाही. मला सगळ्यात जास्त भीती कुठे वाटली तेच आज लिहिते. कदाचित तुम्हालाही कधी तिथे जावं लागेल.

खोली काकाने शोधली होती. तो उल्हासनगरच्या कॅम्प चारच्या बाजारात भाजी घालायचा, आणि सुमन आंटी त्याच्याकडून भाजी घ्यायच्या. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन मस्कतला, स्वतः एका जुन्या लष्करी बराकीत राहायच्या आणि वरचा पोटमाळा रिकामा होता. बाबांना नाव ऐकून काही वेगळं वाटलं नाही. सुमन हे नाव आमच्या गावातही चार जणींचं आहे. पण आम्ही सामान घेऊन आत शिरलो आणि समोरच्या भिंतीवर येशूचं चित्र दिसलं, खाली छोटा लाल बल्ब. बाबा आल्या पावली बाहेर गेले. बाजूच्या गाळ्यात जीन्सच्या चेन लावायची मशीनं चालू होती. त्या आवाजात बाबा आणि काका भांडले.

"तू मला सांगितला नाय," बाबा म्हणाले.

"काय सांगायचा?" काका म्हणाला. "दोन वर्षं बघतो हाय. बाई मेथी निवडून घेते, पन नको असलेली जुडी परत टाकताना नीट ठेवते. फेकत नाय. मला तेवढा पुरे हाय."

बाबा गटार ओलांडून परत दाराशी आले. मग मला बोलावून म्हणाले, "राहा. पन त्यांच्या देवळात पाऊल टाकायचा नाय. ज्या दिवशी टाकशील त्या दिवशी कॉलेज बंद. मी स्वतः येईन सामान न्यायाला." मी हो म्हणाले. बाबा एकदा बोलले की बोलले, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

पहिलं वर्ष मी ती अट अगदी सहज पाळली. आंटींनी मला कधी बोलावलंच नाही. दर रविवारी सकाळी त्या इस्त्रीची साडी नेसायच्या, पर्समध्ये रुमाल ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मी जाऊन येते गं मिस्साला." मिस्सा म्हणजे त्यांची चर्चमधली प्रार्थना. मी म्हणायचे हो. कोपऱ्यावरून दाल पकवानचा वास यायचा, समोरच्या दुकानातले सिंधी काका शटर उघडताना विचारायचे, "बेटा, पढ़ाई चालू है ना?" मी म्हणायचे, चालू है. गावाला मी अशी कुणाला उत्तरं देत नव्हते. रिक्षावाल्याशी हिंदीत हुज्जत घालायला मी तिथेच शिकले. हातात बॅग, कानात हेडफोन, तोंडात अर्धं मराठी अर्धं हिंदी. पण कॉलेजला जाताना चर्च लागायचं तेव्हा मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालायचे.

हसू नका. आपल्याकडे काय काय सांगतात ते तुम्हीही ऐकलंय. आत गेलं की पाणी शिंपडतात आणि माणूस त्यांचा होतो. नाव वहीत लिहून घेतात. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते, मला हे सगळं खरं वाटत नव्हतं. पण खोटंही वाटत नव्हतं. शिवाय माझा आतेभाऊ जांभूळला पाण्याच्या प्लांटवर कामाला आहे, तो बाईक दुरुस्तीला कॅम्प चारमध्येच येतो. त्याने मला त्या दारात पाहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत बाबांना कळलं असतं.

मग परीक्षा आली. एका मंगळवारी सकाळी बाबांचा फोन आला. बाबा कधी फोन करत नाहीत, आई करते. मला उचलतानाच कळलं की काहीतरी झालंय.

"बाळाराम गेला," बाबा म्हणाले. बाळाराम म्हणजे काका. "गाडी भरताना खाली बसला. मी म्हटला दमला असेल."

मी उघडं पुस्तक मिटून ठेवलं.

"पेपर कवा हाय?"

"उद्या. मग शुक्रवारी, सोमवारी, बुधवारी."

"पेपर दे सगळे. तू पेपर बुडवलास तर त्याला चालनार नाय." बाबा तो आहे असंच बोलत होते. "दहाव्याला ये."

मग आईने फोन घेतला. ती रडून रडून बसलेल्या आवाजात म्हणाली, "सुतक पाळ. देवाला शिवू नको, देवळात जाऊ नको. कुनाच्या चांगल्या कामात पुढं जाऊ नको. आन आंटीला सांग, त्यांना पन माहीत पायजे."

मी आंटींना सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांचं तीन आठवड्यांपूर्वी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून त्या अंदाजाने घरात वावरायच्या, त्यामुळे माझं सुजलेलं तोंड त्यांना दिसलं नाही. आणि त्याच रविवारी अंकलच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या, पुण्यतिथीची मिस्सा होती. त्या आठवडाभर त्याच तयारीत होत्या. घरात सुतकातली मुलगी आहे हे कळलं तर त्यांना अपशकुन वाटेल, मला म्हणतील स्वयंपाकघरात येऊ नकोस, किंवा तेरा दिवस गावी जाऊन ये. मग पेपरचं काय? आमच्यात असंच करतात, म्हणून मला वाटलं सगळीकडे असंच करतात. मी बाथरूमचा नळ सोडून रडायचे, तोंड धुवून बाहेर यायचे आणि त्यांच्याच ओट्यावर चहा करायचे. सुतक लपवणं आमच्यात वाईट समजतात. दर वेळी त्यांच्या कपाला हात लावताना मला वाटायचं, आता यांना काहीतरी होणार आणि ते माझ्यामुळे.

रविवारी सकाळी आंटी तयार होऊन बसल्या. ऑपरेशनपासून त्यांना नेणारी शेजारीण आदल्या दिवशी शिरगावला बहिणीकडे गेली होती आणि तिचा फोन आला की बहिणीला ताप आहे, येता येत नाही. आंटींनी फोन खाली ठेवला. भिंतीला हात लावत दारापर्यंत गेल्या आणि पायाने चपला शोधायला लागल्या. एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना.

मी म्हणाले, "आंटी, मी येते. रिक्षातून दारापर्यंत."

"तुझा पेपर आहे उद्या."

"दारापर्यंतच."

मी मनात ठरवलं होतं की दारात सोडायचं, पलीकडे जाऊन उभं राहायचं आणि संपल्यावर घ्यायला यायचं. दारापर्यंत म्हणजे देवळात पाऊल नाही. पण रिक्षातून उतरल्यावर समोर सात-आठ पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. आंटींनी माझा दंड घट्ट धरला. पायऱ्या चढून गेलो तर दाराशी गर्दी, आणि त्यांचा हात सुटेना. मी कुणा दुसऱ्याकडे तो हात द्यायला बघत होते. तेवढ्यात आतून गाणं सुरू झालं आणि मागची माणसं पुढे सरकली.

उंबऱ्याशी मी चपला काढल्या. सवयीने. आंटींना पायांचा आवाज आला असेल.

"काय करतेस?"

"चपला काढते."

"घाल घाल. इथे कुणी काढत नाही. चोरीला गेल्या तर मला बोलू नकोस."

पण चपला घालून देवासमोर जायला माझा पाय उचलेना. आधीच सुतक, त्यात चपला. मी त्या हातातल्या पिशवीत टाकल्या आणि अनवाणीच आत गेले. फरशी इतकी गार होती की मला वाटलं आता मला शिंक येणार आणि सगळे वळून बघणार.

तुम्ही गेलात तर काय दिसेल ते सांगते, म्हणजे माझ्यासारखं होणार नाही. दाराजवळ भिंतीत एक छोटं भांडं असतं, त्यात पाणी. जाणारा प्रत्येक जण त्यात बोट बुडवून कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना लावतो. कुणीही तुमच्यावर शिंपडत नाही. मी भिंतीला चिकटून, त्या भांड्यापासून लांब गेले, तर एका बाईंना वाटलं मी त्यांना वाट देते आहे. त्या थँक यू म्हणाल्या. आत लांबलचक बाकं असतात. दर्शन घ्यायचं आणि निघायचं असं नसतं. सगळे एकत्र येतात, एकत्र बसतात आणि शेवटपर्यंत थांबतात. घंटा वाजवायची नसते, नारळ नसतो, प्रदक्षिणा नसते. मला हात कुठे ठेवायचे तेच कळेना. मी आंटींना शेवटून दुसऱ्या बाकावर बसवलं आणि त्यांच्याशेजारी अगदी कडेला टेकले. दोन्ही हात ओढणीखाली घेतले, म्हणजे चुकूनही कशाला लागणार नाहीत.

आंटी दर थोड्या वेळाने उभ्या राहायच्या, मग बसायच्या, मग पुढच्या फळीवर गुडघे टेकायच्या. डोळ्याला दिसत नसूनही त्यांना सगळं पाठ होतं. मी प्रत्येक वेळी एक सेकंद उशिरा उठायचे. कुणी काही बोललं नाही. नव्या माणसाने नुसतं बसून राहिलं तरी चालतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटत होतं की माझ्या प्रत्येक उशिरामुळे माझं चोरून येणं उघडं पडतंय.

सगळं मराठीत होतं. त्याची मला जास्त भीती वाटली. इंग्लिशमध्ये असतं तर मी कान बंद करून बसले असते. पांढऱ्या झग्यातल्या फादरनी सुरुवातीलाच नावं वाचली. आजची मिस्सा कुणाकुणासाठी आहे ते. पहिलं नाव अंकलचं होतं. आंटींनी मान खाली घातली. मग आणखी दोन मयत माणसांची नावं. म्हणजे इथे मेलेल्यांची नावं देवासमोर मोठ्याने घेतात. आमच्याकडे देव झाकून ठेवले होते आणि फोनवर काकाचं नाव घेतलं की आई म्हणायची, हळू. मला तिथेच हुंदका आला. तो मी खोकून दाबला.

सगळ्यात पुढच्या बाकावर एक कुटुंब होतं. एक तरुण बाई सारखी डोळे पुसत होती, तिच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या. मला वाटलं त्या कुणीतरी मोठ्या असतील, म्हणून त्यांना पुढची जागा.

प्रवचन झालं, प्रार्थना झाल्या. मी घड्याळ बघत होते. आणि मग फादर काहीतरी म्हणाले आणि सगळं चर्च एकदम हललं. माणसं एकमेकांकडे वळून हात जोडायला लागली. काही जण हातात हात द्यायला लागले. सगळीकडून तेच शब्द, "शांती असो, शांती असो." तुम्हाला हे आधी माहीत असू दे. मला माहीत नव्हतं.

आमच्या पुढच्या बाकावर एक म्हातारी होती. नऊवारी, डोक्यावर पदर. ती अख्खी वळली आणि माझ्याकडे बघून हसली. तिने हात पुढे केला.

मी हात मागे घेतला.

मी तो विचार करून घेतला नाही. शिवाशिव नको, एवढंच डोक्यात आलं. आठवडाभर मी स्वतःला विटाळलेली समजत होते, आंटींचा कप चोरून उचलत होते, आणि आता ही म्हातारी बाई देवासमोर, हसत, माझं सुतक हातात घ्यायला निघाली होती. मी दोन्ही हात ओढणीत घट्ट धरले आणि बाकावर मागे सरकले.

तिचा हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग तिने तो पदराला पुसला आणि ती पुढे वळली.

वळताना तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मला ओळखीची होती. आमच्या घरी एक बाई टोपल्या घेऊन येते. तिच्यासाठी एक कप खिडकीच्या बाहेर, वळचणीला ठेवलेला असतो. आई त्यात वरून चहा ओतते. मी लहान असताना एकदा तिला आमचा घरातला कप द्यायला गेले आणि आईने माझा हात धरून मागे ओढला. तेव्हा त्या बाईने असंच बघितलं होतं. रागाने नाही. सवय झालेल्या माणसासारखं.

मग मला कळलं की त्या म्हातारीला काय वाटलं असेल. आणि नुसतं तिला नाही. मी आंटींकडे बघितलं. त्यांचा काळा चष्मा सरळ समोर होता, पण त्यांनी माझ्या दंडावरचा हात काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला होता. दीड वर्ष आम्ही एका ओट्यावर जेवण करत होतो. त्या नगरकडच्या, जिथे गावकुसाबाहेरची बरीच घरं ख्रिस्ती झाली. त्यांच्या लहानपणाबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या आणि मी कधी विचारलं नव्हतं.

तोपर्यंत मला बाबांची भीती होती, आतेभावाची होती, देवाच्या कोपाची होती. आता ही चौथी भीती आली आणि आधीच्या तिन्ही तिच्यापुढे लहान झाल्या. ही बाई आता मला काय समजेल. घरी गेल्यावर मला काय म्हणेल. खरं सांगायचं तर मला माहीत होतं की ती काहीच म्हणणार नाही. तेच जास्त भयंकर होतं.

नंतर सगळे उठून रांगेत पुढे गेले, ख्रिस्तप्रसाद घ्यायला. शेजारच्या बाकावरचे एक काका मला हळूच म्हणाले, "तुम्ही बसा. बाप्तिस्मा झालेलेच घेतात." ते सांगणं साधं होतं, त्यात काही टोचणी नव्हती. तुम्हालाही कुणी सांगेल, वाईट वाटून घेऊ नका. आंटींना एका मुलीने हात धरून नेलं. त्या रिकाम्या बाकांमध्ये मी एकटी बसले होते, अनवाणी, मांडीवर चपलांची पिशवी.

संपल्यावर मी आंटींना घेऊन बाहेर आले. पायऱ्यांवर त्यांनी माझा हात धरला, पण दुसऱ्या हाताने त्या भिंत चाचपत होत्या. खाली उतरलो तर ती म्हातारी तिथेच उभी होती.

"सुमन," ती आंटींना म्हणाली, "पोरगी कुढली गं तुझी? चांगली हाय. फकस्त शिवंना वाटतं आम्हाला."

ती हसत बोलली. आजूबाजूच्या दोघी-तिघीही हसल्या. आंटी म्हणाल्या, "शेवंताबाई, जाऊ द्या."

मी गप्प राहिले असते तर ते तसंच राहिलं असतं. रिक्षा समोर होती. पण मी बोलले, आणि माझा आवाज एवढा मोठा आला की मीच दचकले.

"आजी, मला सुतक आहे. माझा काका गेला. म्हणून मी हात नाही दिला. तुम्हाला लागू नये म्हणून."

आंटी एकदम माझ्याकडे वळल्या. "कोण गेलं?"

"काका."

"भाजीवाला बाळाराम?"

"हो."

"कव्हा?" शेवंताबाईंनी विचारलं.

"मंगळवारी."

आंटींनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून सांगितलं होतं. "मंगळवारपासून तू माझ्या घरात एकटी रडतेस? बाथरूमच्या नळाचा आवाज येत होता मला. मी म्हटलं पोरीचं पोट बिघडलंय. मी तुला ओव्याचं पाणी दिलं."

ते खरं होतं. बुधवारी त्यांनी मला ओव्याचं पाणी दिलं होतं आणि मी ते प्यायले होते.

शेवंताबाई पुढे आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात ओढणीतून बाहेर काढले आणि धरले. त्यांचे तळवे खरखरीत होते. मी हात सोडवायला लागले तर त्या म्हणाल्या, "थांब गं. आमच्यात सुतक नसतं. अन् असतं तरी ह्या वयात मला काय व्हायचंय." मग आंटींवर ओरडल्या, "हिला मागं बसवलंस व्हय? ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला पुढच्या बाकावर बसवत्यात ना?"

"मला सांगितलं तर बसवणार ना," आंटी म्हणाल्या. त्या रडत होत्या.

तेव्हा मला त्या पुढच्या बाकावरच्या बाईचं कळलं.

शेवंताबाई म्हणाल्या, "चल आत. पाच मिनिटं." मी थांबले. मघाशी आत जाणं झालं ते झालं, आंटींच्या हातामुळे, गर्दीमुळे. बाबांना तसं सांगता आलं असतं. आता मात्र मी माझ्या पायांनी जाणार होते. आणि आणखी एक भीती होती, ती सांगायला मला लाज वाटते. या देवासमोर काकाचं नाव घेतलं तर काका कुठे जाईल? तिकडे घरी त्याच्यासाठी दिवा लावलाय, त्याला वाट चुकली तर?

मी दोघींबरोबर आत गेले.

चर्च रिकामं होतं. एक माणूस फुलं उचलत होता. त्यांनी मला पहिल्या बाकावर मध्ये बसवलं आणि दोघी दोन बाजूंना बसल्या. शेवंताबाई डोळे मिटून मोठ्याने बोलायला लागल्या, जसं शेजारच्या घरात हाक मारावी तसं. "देवा, बाळाराम गेलाय. त्याचं जे काय असंल नसंल त्याच्या देवाला ठाऊक. भाजीवाला माणूस हाय. त्याला निवांत बसू दे. अन् ह्या पोरीचे पेपर चांगले जाऊ दे."

"मेथी चांगली आणायचा," आंटी म्हणाल्या.

"मेथी चांगली आणायचा," शेवंताबाईंनी देवाला सांगितलं.

मी रडले. आठवड्यात पहिल्यांदा नळ न सोडता रडले. कुणी गप्प हो म्हटलं नाही.

बुधवारी शेवटचा पेपर देऊन मी गावी गेले. दिवस मावळत होता. बाबा ओटीवर घोंगडीवर बसले होते, डोकं भादरलेलं. काकाला मूलबाळ नव्हतं, म्हणून अग्नी बाबांनीच दिला होता. अग्नी देणाऱ्याला आमच्यात घरातलेही शिवत नाहीत. त्याचं अंथरूण वेगळं, ताट वेगळं. आई आत दहाव्याच्या तयारीत होती. मी ओटीच्या पायरीवर बसले आणि पेपर कसे गेले ते सांगितलं. मग म्हणाले, "बाबा, मी त्यांच्या देवळात गेले."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, जसं झालं तसं. टोपल्या आणणाऱ्या बाईचा कप सोडून. ते मला बोलता आलं नाही. मला पोटमाळ्यावरची माझी पेटी दिसत होती. मनात मी ती परत भरत होते, सामान खाली उतरवत होते. टेम्पो अंगणातच उभा होता.

बाबांनी फक्त एक गोष्ट विचारली. "म्हातारीनं हात धरला? सुतकात?"

"हो. दोन्ही."

ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "नऊ दिवस झाले," ते म्हणाले. "मला कोन शिवला नाय. तुझी आई पन ताट लांबून सरकवते. तिचा काय दोष नाय, रीत हाय."

मी उठून घोंगडीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ते म्हणाले, "शिवशील." पण सरकले नाहीत. आमचे खांदे एकमेकांना लागले होते. आतून आईने बघितलं आणि ती पुन्हा कामाला लागली.

मग बाबा म्हणाले, "अट मोडलीस."

"हो."

"कॉलेज कवा चालू हाय?"

"पुढच्या सोमवारी."

"मंग तेरावा झाला की जा. दुपारची गाडी हाय." मग त्यांना टेम्पो दिसला असेल. "आता सोडायला कोन हाय," असं म्हणून ते रडायला लागले. मी त्यांना तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले.

या गोष्टीला आता काही महिने झाले. मी बदलले का, असं तुमच्यापैकी एकीने विचारलं. माझं नाव कुठल्या वहीत लिहिलेलं नाही. महाशिवरात्रीला मी अंबरनाथच्या देवळात तीन तास रांगेत उभी होते आणि आंटींसाठी प्रसाद आणला, तो त्यांनी खाल्ला. आता त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून रविवारी मी त्यांना घेऊन जाते. चपला अजून काढते. शेवंताबाई त्यावरून मला चिडवतात. भीती गेली का? सगळी नाही. आतेभावाची बाईक दिसली की मी अजून रस्ता ओलांडते. वळचणीचा तो कप अजून तिथेच आहे, आणि आईशी त्याबद्दल बोलायचं धाडस मी अजून केलेलं नाही. पुढच्या सुट्टीत करेन असं म्हणते.

घर म्हणजे काय, हे मला आधी सोपं वाटायचं. जिथून निघाले ते घर आणि जिथे राहते ती खोली. आता मला वाटतं, मी कुठे जाऊन आले हे जिथे लपवावं लागत नाही ते घर. कॅम्प चारमध्ये मी आंटींना दहाव्याला कावळा किती वेळाने शिवला ते सांगते आणि त्या विचारतात, मग तुम्ही काय म्हणालात त्याला. आणि रविवारी दुपारी आईचा फोन येतो.

"आज कुठं गेलीस?" ती विचारते.

"आंटींबरोबर."

"आत?"

"आत."

ती पुढे काय बोलेल याची मला अजूनही भीती वाटते. मागे भांड्यांचा आवाज येत असतो, कुणीतरी कोंबडीला हाकलत असतं.

"बसायला जागा भेटली का?" आई विचारते.

"भेटली," मी म्हणते.